स्मृतिभ्रंश आणि सत्त्वावजय : रुग्णाच्या आध्यात्मिक गरजांचा विचार

वार्धक्यातील स्मृतिभ्रंशाचे रुग्ण आता बहुतेक वैद्यांच्या चिकित्सालयात येऊ लागले आहेत. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी अभ्यासानुसार भारतातील साठ वर्षे व त्यापुढील वयाच्या सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख व्यक्तींना हा विकार आहे. त्यांच्या आहाराचा, निद्रेचा व औषधांचा विचार आपण करतो. मात्र ज्या नित्यकर्माच्या आधारावर त्यांचे अवघे आयुष्य गेले, त्याचे पुढे काय होते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

शास्त्राधार

चरकाचार्यांनी दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय व सत्त्वावजय अशी त्रिविध चिकित्सा सांगितली. मानसदोषांच्या शमनासाठी ज्ञान, विज्ञान, धैर्य, स्मृती व समाधी ही साधने सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात येतात. येथे एक अडचण उभी राहते. ज्याची स्मृतीच भ्रष्ट झाली, त्याचे मन कशाने स्थिर करावे?

याचे उत्तर शारीरस्थानाच्या पहिल्या अध्यायात सापडते. तेथे स्मृतीची आठ कारणे वर्णिली आहेत : निमित्तग्रहण, रूपग्रहण, सादृश्य, सविपर्यय, सत्त्वानुबंध, अभ्यास, ज्ञानयोग व पुनःश्रुत. व्याधी वाढत जाते तसा ज्ञानयोगाचा मार्ग लवकर क्षीण होतो. परंतु अभ्यासाने दृढ झालेले आणि वारंवार ऐकलेले पुष्कळदा दीर्घकाळ टिकते. नातवाचे नाव न आठवणाऱ्या आजींना हरिपाठाची चाल लागताच पुढचे शब्द सुचतात, ते यामुळेच. अल्झायमर विकारात दीर्घ परिचयाच्या संगीताशी निगडित मेंदूचे भाग तुलनेने उशिरा बाधित होतात, असे आधुनिक संशोधनातही आढळले आहे. याने गेलेली स्मृती परत येत नाही. मनाला क्षणभर ओळखीची जागा मिळते व भय कमी होते. चिकित्सेचे हे फळ अल्प मानू नये.

व्यवहारात काय करावे

प्रथम रुग्णाचा पूर्वेतिहास घ्यावा. कोणते दैवत, कोणते स्तोत्र, कोणता वार, कोणता ग्रंथ, हे कुटुंबीयांना विचारून नोंदवावे. रुग्ण नमाज पढणारा, चर्चमध्ये जाणारा वा बुद्धवंदना करणारा असेल तर त्याचाच आधार घ्यावा. जो आयुष्यभर देव न मानणारा होता, त्याच्यावर नामस्मरण लादू नये. त्याचे आवडते नाट्यपद, बाग किंवा जुने सोबती हेच त्याचे आश्रयस्थान असते.

दुसरे असे की, पूजेत चुका होतात म्हणून अनेक घरी रुग्णाला देवघरापासून दूर ठेवले जाते. हा आघात मोठा असतो. संपूर्ण पूजा जमत नसली तरी वाती वळणे, चंदन उगाळणे, फुले निवडणे, आरतीला टाळ्या वाजवणे यांपैकी एक काम हाती द्यावे. क्रम चुकला तर दुरुस्ती करू नये. ‘मला ओळखलेस का?’ अशी परीक्षा तर कधीच घेऊ नये.

तिन्हीसांजेस अनेक रुग्ण अस्वस्थ होतात. घरातील दिवे लवकर लावून रोज ठरावीक वेळी, त्याच जागी, तीच सायंप्रार्थना म्हणावी. निरांजन रुग्णाच्या एकट्याच्या हाती देऊ नये. मधुमेहाची औषधे चालू असताना एकादशीचा उपवास धोकादायक ठरू शकतो. अशा वेळी उपवासाऐवजी नैवेद्याचा प्रसाद हाती द्यावा. यात्रेच्या गर्दीत रुग्ण हरवण्याची शक्यता असल्याने शांत वेळी गावातल्या देवळात न्यावे.

‘पूर्वजन्मीचे पाप’ किंवा ‘बाधा’ ही भाषा वैद्याने स्पष्टपणे नाकारावी. त्या समजुतीतून रुग्णाला मारहाण किंवा अघोरी उपचार होण्याची भीती असते. महाराष्ट्रात २०१३ पासून अशा प्रथांविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे.

मर्यादा आणि औषधविक्रेत्यांचे कर्तव्य

अचानक, म्हणजे काही तासांत वा दिवसांत गोंधळ वाढला तर तो भक्तीचा वा वयाचा विषय समजू नये. संसर्ग, जलक्षय, औषधांचा दुष्परिणाम वा डोक्याला मार यांचा शोध तातडीने घ्यावा लागतो. हळूहळू होणाऱ्या विस्मरणातही जीवनसत्त्व बी-१२ ची कमतरता, थायरॉईडचे विकार व नैराश्य तपासून पाहिल्याशिवाय निदान पक्के करू नये.

मंडूकपर्णी, यष्टिमधु, गुडूची व शंखपुष्पी ही मेध्य रसायने चरकोक्त आहेत. परंतु त्यांनी स्मृतिभ्रंश बरा होतो असे आश्वासन देऊ नये. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविषयक कायद्याच्या परिशिष्टात मेंदूच्या विकारांचा समावेश आहे, हे औषधनिर्मात्यांनी ध्यानी ठेवावे. विक्रेत्याकडे दरमहा येणारी सून वा मुलगी बहुधा थकलेली असते. रुग्ण आधीपासून कोणती औषधे घेतो हे तिला विचारावे, आणि ‘तुमची स्वतःची झोप होते का?’ हेही विचारावे. शुश्रूषा करणाराच खचला तर रुग्णाचा देवघराशी उरलेला शेवटचा धागाही तुटतो.

चतुष्पादांमध्ये परिचारकाला स्थान देणाऱ्या आपल्या शास्त्राला हे नवे नाही. स्मृती गेली तरी सत्त्व उरते; त्या सत्त्वाचा मान राखणे हे वैद्याचे कर्तव्य आहे.