बाळहिरडा : वाळवण आणि वृक्षाचे भवितव्य

चीनच्या युनान प्रांतात जुन्या चहावृक्षांची पाने कोमेजवून, मळून व उन्हात वाळवून काळा चहा तयार केला जातो. सह्याद्रीतील असेच उन्हावर सिद्ध होणारे वनोत्पादन म्हणजे बाळहिरडा होय. हिरडा, अर्थात टर्मिनालिया चेबुला, हा वृक्ष साताऱ्यातील महाबळेश्वरपासून भीमाशंकरपर्यंतच्या वनांत आढळतो. आंबेगाव-जुन्नर परिसरातील महादेव कोळी कुटुंबांना त्याच्या विक्रीतून उन्हाळ्यात रोख उत्पन्न मिळते. बी धरण्यापूर्वीची कोवळी फळे उन्हात वाळवली की ती सुरकुतून काळी पडतात. चहाचा रंग पॉलिफिनॉल द्रव्यांच्या ऑक्सिडीकरणातून येतो. हिरड्यातील टॅनिन हेही त्याच वर्गातील द्रव्य असून, त्यामुळेच हिरडा औषधाप्रमाणे चामडे कमावण्यासही उपयोगी पडतो.

तथापि, दोहोंतील एक मूलभूत भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. पाने खुडल्यावर चहाला पुन्हा पालवी फुटते. बाळहिरडा तोडताना मात्र वृक्षाची पुढील पिढीच खुडली जाते. जुने झाड उभे राहते, परंतु त्याखाली नवी रोपे उगवण्याची शक्यता घटते. म्हणून प्रत्येक वनातील काही झाडांची फळे पूर्ण पिकू देणे, हे संग्राहकांची उपजीविका टिकण्याच्या दृष्टीनेही अगत्याचे ठरते.