कवळीचं माप देताना

वस्तीतल्या कितीतरी म्हाताऱ्यांची कवळी डबीत पडून असते. ‘टोचते’ म्हणतात. दोष बहुधा मापात असतो.

कवळी बनवणारा कारागीर तुमचं तोंड सहसा पाहत नाही. त्याच्यापुढे फक्त प्लास्टरचा साचा असतो. डॉक्टर हिरड्यांवर ट्रे दाबून माप घेतात. तेव्हा ओकारी आली तर थोडं पुढे वाका, नाकानं श्वास घ्या. ट्रे हलला तर माप पुन्हा घ्यायला सांगा.

पुढच्या फेरीत मेणावर दात बसवून तोंडात लावून पाहतात. खरी वेळ ही! आरसा मागा, बोलून पाहा, दात मिटून पाहा. मेणातले दात हलवता येतात, पक्की कवळी झाल्यावर ते सोपं नसतं. आपल्या आयाबाया नेमक्या इथंच गप्प बसतात, डॉक्टरांना कसं सांगायचं म्हणून. दवाखान्यात आम्ही हे कित्येकदा पाहिलंय.

मुंबई, नागपूरच्या सरकारी दंत महाविद्यालयांत कवळी कमी खर्चात होते. फेऱ्या मात्र मोजून ठेवा.

दात काढल्यावर हिरड्या काही महिने आटत राहतात, त्यामुळे घाईनं केलेली कवळी सैल पडते. नवी टोचली तर घरी कानस लावू नका. दवाखान्यात घासून देतात. जायच्या आदल्या दिवशी मात्र ती घाला, म्हणजे टोचल्याची खूण डॉक्टरांना दिसेल.