काचेवरचे धुके

पोलादपूरहून महाबळेश्वरला जाताना आंबेनळी घाट लागतो. पावसाळ्यात येथे दाट धुके असते. कधी गाडीच्या काचेवरही धुके जमते आणि चालकाला पुढचे वळण दिसत नाही. हे धुके येते कोठून?

आपल्या श्वासात वाफ असते. ओल्या कपड्यांतून व छत्र्यांतूनही वाफ निघते. खिडक्या बंद असल्या, की ती आतच कोंडते. घाट चढताना बाहेरची हवा थंड होत जाते, म्हणून काचही थंड होते. तिला लागून वाफेचे बारीक थेंब बनतात.

काच आतून बोटाने पुसून पाहावी. बोट ओले झाले, तर धुके आतले आहे. मग खिडक्या थोड्या उघडाव्यात किंवा एसीची हवा काचेवर सोडावी. एसी हवेतील ओलावा काढून घेतो. वायपरने काच स्वच्छ झाली, तर धुके बाहेरचे आहे. तेव्हा एसीची थंड हवा काचेवर सोडू नये.

काच रोज सकाळी आतून ओली दिसली, तर पायाखालची चटई उचलून पाहावी. खाली पाणी असेल, तर ते दाराच्या फाटलेल्या रबरातून येत असू शकते. रबर फाटले असेल, तर ते बदलावे व चटई उन्हात वाळवावी.

तरीही दिसत नसेल, तर गाडी सुरक्षित जागी थांबवावी. घाटात उशीर चालतो, अंदाज चालत नाही.