सर्व्हरची स्मृती आणि स्वॅपची जागा

मी व्यवसायाने क्ष-किरणतज्ज्ञ. संगणकशास्त्राचे रीतसर शिक्षण मला नाही. तरीही सीटी व एमआरआयच्या प्रतिमा साठविणारा सर्व्हर आमच्या विभागात आला, तेव्हापासून त्याची देखरेख कशी कोण जाणे माझ्याकडेच आली. आपल्यापैकी अनेकांच्या रुग्णालयांत अशी यंत्रे आहेत आणि त्यांची मागणीपत्रे आपल्याच सहीने जातात, म्हणून हा लेखनप्रपंच.

एका रात्री डोक्याला मार लागलेला एक तरुण तातडीच्या विभागात आला. सीटी झाला, पण प्रतिमा पडद्यावर येईनात. सर्व्हर बंद पडला असता तर निदान कळले तरी असते. तो चालू होता आणि काहीच करीत नव्हता. अखेर शल्यविशारदांना यंत्राच्या खोलीतच बोलावून तेथील पडद्यावर रक्तस्राव दाखविला. रुग्ण सुदैवाने वाचला.

दुसऱ्या दिवशी कारण उमगले. सर्व्हरची रॅम १२८ जीबी होती, आणि बसविणाऱ्याने ‘रॅमच्या दुप्पट’ या जुन्या नियमाने हार्ड डिस्कवर २५६ जीबी स्वॅप राखली होती. एक सदोष प्रोग्राम स्मृती घेत राहिला, परत देईना. आणि रॅम संपल्यावर सारा भार त्या अवाढव्य स्वॅपवर गेला.

रॅम म्हणजे आपल्या टेबलावरचे कागद; स्वॅप म्हणजे तळघरातील कपाट. रॅम अपुरी पडली की लिनक्स वापरात नसलेली पाने, प्रत्येकी ४ केबीची, डिस्कवर नेऊन ठेवते. रॅममधून पान मिळायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, फिरत्या डिस्कवरून सुमारे १० मिलिसेकंद. म्हणजे लाखपट वेळ. विखुरलेली पाने सेकंदाला शंभर या गतीने आणायची, तर एक जीबी परत यायला पाऊण तास हवा. २५६ जीबीचा हिशेब वाचकांनीच करावा!

दुपटीचा नियम रॅम काही दहा एमबी असे त्या काळातला. तेव्हा तो योग्यच होता. पुढे रेड हॅटच्या मार्गदर्शनातही तो २ जीबीपर्यंतच्या यंत्रांपुरता उरला. ६४ जीबीहून अधिक रॅमसाठी कामाचे स्वरूप पाहून ठरवावे, किमान ४ जीबी ठेवावी, असे त्यात सांगितले आहे. झोपी जाताना सारी रॅम डिस्कवर उतरविणाऱ्या लॅपटॉपची गोष्ट वेगळी. आपला सर्व्हर कधी झोपत नाही.

मग स्वॅप नकोच, असेही काही तंत्रज्ञ म्हणतात. मला ते पटत नाही. सुरू होताना एकदाच लागलेली व पुन्हा न लागणारी पाने उगाच रॅम अडवितात. त्यांना थोडी जागा असावी. शिवाय स्वॅप भरू लागणे ही पूर्वसूचना असते. ती नसेल तर रॅम संपताच लिनक्स एखादा प्रोग्राम थेट मारून टाकते, आणि बहुधा सर्वांत जास्त स्मृती व्यापणारा, म्हणजे कदाचित आपला डेटाबेसच, बळी जातो. कोणाला शेवटपर्यंत राखायचे हे आधी नेमून ठेवता येते; आपत्तीत रुग्णांची वर्गवारी आपण करतो तसेच.

नुसती ‘स्वॅप २ जीबी वापरात’ ही नोंद पाहून घाबरू नये. ‘व्हीएमस्टॅट’ या आज्ञेतील ‘एसआय’ व ‘एसओ’ हे स्तंभ पाहावेत. तेथे शून्य असेल तर ती पाने निवांत पडून आहेत. आकडे सतत हलत असतील तर तो विकार समजावा.

आणखी एक. रुग्णाचे नाव, वय, निदान रॅममधून स्वॅपवर जाते आणि वीज गेल्यावरही डिस्कवर राहते. जुनी डिस्क भंगारात देण्याची वेळ येते तेव्हा हे कोणाच्या ध्यानात नसते. प्रत्येक वेळी नवी किल्ली घेऊन स्वॅप सांकेतिक करण्याची सोय लिनक्समध्ये आहे, ती मागून घ्यावी.

आम्ही आता वेगवान एसएसडीवर ८ जीबी स्वॅप ठेवली आहे; निम्मी भरली की माझ्या मोबाइलवर संदेश येतो. गेल्या पावसाळ्यात तो सदोष प्रोग्राम पुन्हा तसाच फुगला. संदेश पहाटे आला, मी घरूनच तो प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू केला, आणि रात्रपाळीच्या डॉक्टरांना काही झाल्याचे कळलेही नाही.