गाठीचे मूळ गाव

बंगळूरहून होसूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर इलेक्ट्रॉनिक सिटीच्या काचेच्या इमारती मागे पडल्या की बोम्मसंद्र्याची औद्योगिक वसाहत लागते. १० ऑगस्ट २०२५ रोजी सुरू झालेली मेट्रोची पिवळी मार्गिका येथेच येऊन संपते; मात्र तिच्या आधी कितीतरी वर्षे दूरदूरच्या मुलुखांतील माणसे या ठिकाणी येत होती, आणि तीही कारखान्यांतील रोजगारासाठीच नव्हे. देवी शेट्टी यांचे नारायण हृदयालय या वसाहतीत उभे राहिले, २००९ साली त्याच आवारात किरण मजुमदार-शॉ यांच्या साहाय्याने कर्करोगाचे केंद्र सुरू झाले, आणि बंगाल, आसाम, त्रिपुरा, फार काय बांगलादेश येथूनही रुग्णांचा ओघ इतका वाढला की आसपासच्या लॉजांवर व खाणावळींवर कन्नड अक्षरांच्या जोडीला बंगाली अक्षरे दिसू लागली. या गल्ल्यांतून हिंडणाऱ्या प्रत्येक कुटुंबाच्या हाती एक फुगलेली प्लास्टिकची पिशवी असते. तिच्यात जुने अहवाल असतात, क्ष-किरण फिल्म असतात, पावत्या असतात, आणि कधीकधी मेणाचा एक लहानसा चौकोनी ठोकळाही असतो, ज्याचे मोल नेणाऱ्यास सहसा ठाऊक नसते.

कोल्हापूरकडच्या एका परिचित विकृतिशास्त्रज्ञ बाईंच्या अनुमतीने याच परिसरातील एका प्रयोगशाळेत मला काही काळ बसावयास मिळाले. त्वचेवरील एखादी गाठ त्वचेचीच आहे की शरीराच्या अन्य प्रांतातून तेथे येऊन वसली आहे, आणि वसली असल्यास तिचे मूळ गाव कोणते, याची शहानिशा कशी होते हे मला पाहावयाचे होते. मोठ्या आतड्याच्या किंवा गुदाशयाच्या कर्करोगाने त्वचेवर दुय्यम गाठ उठवावी ही गोष्ट विरळ खरी. यकृत आणि फुप्फुस ही त्याची नेहमीची मुक्कामाची ठिकाणे. तथापि ब्राउनस्टीन व हेल्विग यांनी १९७२ साली त्वचेवर दुय्यम गाठी आलेल्या ७२४ रुग्णांचा तपशील मांडला, तेव्हा पुरुषांत फुप्फुसाच्या २४ टक्क्यांखालोखाल मोठ्या आतड्याचा क्रम १९ टक्क्यांनी लागला. स्त्रियांत स्तनाचा वाटा ६९ टक्के इतका प्रचंड असूनही दुसरे स्थान, ९ टक्क्यांचे का होईना, मोठ्या आतड्याचेच होते.

ज्या गाठीवर माझे लक्ष खिळले ती एका प्रौढ गृहस्थाच्या पोटावर, जुन्या शस्त्रक्रियेच्या व्रणाला लागून उठली होती. घट्ट, न दुखणारी, तांबूस, जांभळाएवढी. अशा गाठीला टाक्याची गाठ म्हणून सोडून देण्याचा मोह कोणालाही होतो, आणि तो अगदीच अवाजवी नाही, कारण पुष्कळदा शिवणीच्या धाग्याभोवती शरीराने केलेला तो केवळ दाह असतो. कधी ती मेदाची पुळी समजली जाते, कधी गळू. आपल्या देशात क्षय आणि कुष्ठ या दोन जुन्या व्याधींच्या गाठींचाही विचार करावा लागतो. परंतु मोठ्या आतड्यातील कर्करोगाच्या दुय्यम गाठी पोटाच्या त्वचेवर, आणि त्यातही जुन्या व्रणावर, विशेष आढळतात ही गोष्ट ज्याच्या ध्यानात असते, तो शल्यवैद्य ती समूळ काढून फॉर्मॅलिनमध्ये पाठवितो.

बेंबीची कथा तर याहून प्रसिद्ध. अमेरिकेतील रॉचेस्टर येथे विल्यम मेयो यांच्या शस्त्रक्रियांत साहाय्य करणाऱ्या सिस्टर मेरी जोसेफ डेम्प्सी रुग्णाचे पोट स्वच्छ करताना बेंबीत कठीण गाठ हाताला लागली तर आतील कर्करोग पसरलेला असतो, हे अनुभवाने ओळखू लागल्या. मेयोंनी १९२८ साली त्याविषयी लिहिले, आणि १९४९ साली हॅमिल्टन बेली यांनी त्या गाठीला सिस्टरांचे नाव दिले. सिस्टर १९३९ सालीच निवर्तल्या होत्या. एका परिचारिकेच्या बोटांनी केलेले निदान वैद्यकाच्या ग्रंथांत कायम झाले, याचे मला अजूनही अप्रूप वाटते.

त्या गृहस्थाच्या गाठीसोबत आलेल्या मागणीपत्रावर मात्र एवढाच मजकूर होता: ‘पोटावरील गाठ, टाक्याची गाठ?’ व्रण कशाचा, शस्त्रक्रिया केव्हाची, याविषयी अक्षर नव्हते. निपाणीकडचा तंत्रज्ञ तो कागद हातात धरून म्हणाला, “मॅडम, ह्यात हिस्ट्री काहीच नाही हो.” बाईंनी वर न पाहता सांगितले, “वॉर्डात फोन लाव. जुने कागद घेऊन मुलाला खाली पाठवा म्हणावं. ब्लॉक असेल तर तोही.”

दरम्यान कामाला खंड नव्हता. गाठीचे माप घेतले गेले, कडांना शाई लागली, आणि सुरीने छेद देताच आतून करडा-पांढरा, किंचित चिकट चकाकीचा पृष्ठभाग दिसला. तिचे तुकडे जाळीदार कॅसेटांत गेले. रात्रभर यंत्रात चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलातून, मग झायलीनमधून, शेवटी वितळलेल्या पॅराफिनमधून फिरून ते मेणाच्या ठोकळ्यांत कायमचे बसले; या ठोकळ्यालाच येथे ब्लॉक म्हणतात. सकाळी मायक्रोटोमवर त्यांचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे छेद निघू लागले. “साहेब, जरा सरकून बसा, वारं लागलं तर रिबन उडतीया,” असे तंत्रज्ञाने बजावल्यामुळे मी श्वासही जपून घेत होतो. मेणाची ती पारदर्शक फीत कोमट पाण्यावर सोडताच इस्त्री फिरवावी तशा तिच्या सुरकुत्या मोडल्या, आणि काचेची पट्टी पाण्यात तिरपी घालून त्याने ती अलगद उचलली. हे कौशल्य ग्रंथात शिकविता येत नाही. चांगला छेद न मिळाल्यास पुढची सारी विद्वत्ता व्यर्थ जाते.

हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन या दोन रंगांत न्हालेली पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली गेली. बाह्यत्वचा वर अखंड होती. तिच्याखाली तंतूंचा एक स्वच्छ पट्टा, आणि त्याखाली, अंतस्त्वचेच्या खोल भागात, वेड्यावाकड्या ग्रंथींचा जमाव. त्यांच्या भिंतींवर उंच पेशी दाटीने उभ्या होत्या, त्यांची केंद्रके लांबट व गडद होती, आणि ग्रंथींच्या पोकळ्यांत मृत पेशींचा असा चिखल साचला होता की ज्यास या व्यवसायातील लोक मळकट मृत्यू म्हणतात व पाहताक्षणी आतड्याचे नाव घेतात. गाठ वरच्या त्वचेपासून उगवलेली नव्हती, एवढे तो मधला स्वच्छ पट्टाच सांगत होता. पण घर्मग्रंथींचा कर्करोगही ग्रंथीच रचतो. जठर, स्वादुपिंड, अंडाशय यांचेही कर्करोग ग्रंथी रचतात.

येथे प्रतिपिंडांचे साहाय्य घ्यावे लागते. कोहलर व मिलस्टाइन यांनी १९७५ साली एकाच जातीची प्रतिपिंडे हवी तितकी निर्माण करण्याची युक्ती शोधली नसती, आणि फॉर्मॅलिनने झाकलेली प्रथिने उष्णतेने पुन्हा उघडी करण्याची रीत १९९१ साली शी व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली नसती, तर मेणात गाडलेल्या ऊतकाला प्रश्न विचारणे आज इतके सुकर झाले नसते. नव्या पट्ट्या कापून त्यांवर सीके-२०, सीके-७, सीडीएक्स-२ आणि सॅटबी-२ ही प्रथिने हुडकून तपकिरी रंगाने दाखविणारी चार प्रतिपिंडे एकेक करून घातली गेली. प्रत्येक पट्टीच्या टोकाला नियंत्रण म्हणून ज्ञात ऊतकाचा तुकडा चिकटविलेला असतो; तो रंगला नाही तर त्या पट्टीची साक्ष बाद.

निकाल आला तेव्हा बाईंनी दुहेरी सूक्ष्मदर्शकाची दुसरी नळी माझ्याकडे वळविली. सीके-२० च्या पट्टीवर गाठीच्या पेशी तपकिरी झाल्या होत्या. सीके-७ च्या पट्टीवर त्या निळ्याच राहिल्या, आणि त्यांच्या शेजारीच, त्याच त्वचेतील निर्दोष घर्मग्रंथी मात्र तपकिरी उजळल्या. म्हणजे रसायनाने आपले काम चोख केले होते, आणि नकार गाठीचाच होता. सीडीएक्स-२ आणि सॅटबी-२ या दोन्हींनी केंद्रके रंगविली. हा सारा मेळ आतड्याकडे बोट दाखवीत होता. “आता आतड्याचंच ना?” मी अधीरपणे विचारले. बाई म्हणाल्या, “बहुधा. पण सीडीएक्स-२ जठरातल्या गाठीतही दिसतो, स्वादुपिंडातल्याही. चौघांचं एकत्र ऐकायचं. आणि चौघांच्याही आधी कागद.”

विकृतिशास्त्राचे सामर्थ्य महागड्या रसायनांत आहे असे मी समजून चाललो होतो. ते अर्धेच खरे आहे. डॉ. वसंत रामजी खानोलकर, जे १९४१ साली उघडलेल्या मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या प्रयोगशाळांचे पहिले प्रमुख होते आणि ज्यांनी कर्करोग व कुष्ठ या दोन्ही व्याधींना आयुष्य वाहिले, त्यांनी १९४५ साली सूर्याबाई यांच्यासह धोतराच्या कर्करोगावर लेख प्रसिद्ध केला. कमरेशी वर्षानुवर्षे घट्ट आवळल्या जाणाऱ्या वस्त्राखाली त्वचेचाच कर्करोग उद्भवतो, हे प्रतिपादन केवळ काचेच्या पट्टीवरून कदापि करता आले नसते. धोतर कोठे बांधले जाते हे ज्याने विचारले, त्यालाच त्या व्रणाचा अर्थ लागला. तेथे रोग त्वचेचा होता आणि कारण बाहेरचे. येथे रोग आतला आणि त्वचा केवळ आश्रयस्थान. दोन्ही ठिकाणी माणसाच्या वृत्तांताशिवाय निर्णय अपुरा राहतो.

दुपारी रुग्णाचा मुलगा आला. पिशवीतून निघालेल्या कागदांत दोन वर्षांपूर्वी, पूर्वेकडील एका शहरी, मोठ्या आतड्याचा उजवा भाग काढल्याची नोंद होती, आणि तळाशी कागदात गुंडाळलेला त्या वेळचा मेणाचा ठोकळाही होता. त्याचा छेद काढून दोन्ही पट्ट्या शेजारीशेजारी पाहिल्या गेल्या: तीच ग्रंथींची ठेवण, तोच मळ. अहवालात बाईंनी मोठ्या आतड्यातील ग्रंथिजन्य कर्करोगाची त्वचेवरील दुय्यम गाठ असा निर्णय दिला, आणि पूर्वीच्या ऊतकाशी रूपसाम्य असल्याचे नमूद केले. त्वचेतील गाठ काढणे यकृतात सुई घालण्यापेक्षा सोपे, म्हणून पुढील औषधयोजनेस लागणाऱ्या तपासण्याही याच ऊतकावर करता येतात. डीएनए-दुरुस्तीच्या चार प्रथिनांची आणि रास जनुकाची तपासणी त्यांनी सुचविली. अशा गाठीचा अर्थ बहुधा असा की रोग अन्यत्रही पोचला आहे. ते मुलाला सांगण्याचे काम वरच्या मजल्यावरील डॉक्टरांचे होते. त्याने जुन्या ठोकळ्याच्या पावतीवर सही केली आणि तो निघून गेला.

मागणीपत्रात ‘पूर्वीची शस्त्रक्रिया’ असा स्वतंत्र रकाना असावा, अशी दरखास्त बाईंनी कचेरीकडे केव्हाच केली आहे; छापील अर्जांचा जुना साठा संपल्यावर विचार होईल, असे उत्तर आले. तोवर तंत्रज्ञाने स्वखर्चाने एक रबरी शिक्का करवून घेतला आहे, आणि कोऱ्या अर्जांचा गठ्ठा वॉर्डात जाण्यापूर्वी तो प्रत्येकावर उठवितो.