हजारामागे पाच

वडील गेल्यावर त्यांची पुस्तकं नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घरून आमच्या मनीषनगरच्या फ्लॅटवर आली. अकरा खोकी. दुसऱ्या पावसाळ्यात तळच्या खोक्याला कसर लागली, तेव्हा ती कुणाला तरी द्यायचीच असं ठरवून मी निघाले. वाचनालयांची ओढ मात्र त्याहून जुनी. शाळेपासून वाचनालयाचं पुस्तक हाती आलं की मी आधी शिक्के बघते, मग गोष्ट. ठरावीक क्रमांकाच्या एका आतल्या पानावर शिक्का पुन्हा मारलेला असतो. त्याला ‘गुप्त पान’ म्हणतात, हे कळलं तेव्हा मी नववीत होते. पहिलं पान फाडून नेणारा तिथे सापडतो.

मनीषनगर, बेसा, बेलतरोडी या पट्ट्यात अभ्यासिका गल्लोगल्ली आहेत. घरी पुस्तक न्यायचं वाचनालय गाठायला मात्र मला शहराच्या जुन्या भागात जावं लागलं. याचं एक कारण कागदावर सापडतं. २०१२ साली राज्यातल्या शासनमान्य ग्रंथालयांची महसूल खात्याकडून पडताळणी झाली. काही ठिकाणी ग्रंथालय फक्त पाटीवरच होतं, म्हणून पडताळणी योग्यच होती. पण त्यानंतर नवी मान्यता आणि वर्गबदल दोन्ही वर्षानुवर्षं थांबले. नेमक्या त्याच वर्षांत आमच्यासारख्या वस्त्या वाढल्या. माणसं नव्या घरांत आली आणि अनुदानाची वाचनालयं जुन्या पेठांत राहिली. बोगसांची शिक्षा नव्या वस्तीतल्या वाचकांना झाली, असं माझं स्पष्ट मत आहे.

ज्या वाचनालयात गेले तिथल्या ग्रंथपालबाईंनी खोकी उघडायच्या आधीच विचारलं, “ताई, यादी आणलीय का?” नव्हती. त्यांनी मला शेजारी बसवलं आणि दाखल नोंदवही उघडली. लांबट, कापडी बांधणीची. दाखल क्रमांक, तारीख, लेखक, शीर्षक, प्रकाशक, पृष्ठं, किंमत, कुठून आलं, वर्गांक आणि शेवटी अरुंद असा ‘शेरा’. विकत घेतलेल्या पुस्तकापुढे बिलाचा क्रमांक असतो, भेटीपुढे ‘भेट’. एकदा दिलेला क्रमांक दुसऱ्या पुस्तकाला देत नाहीत. पुस्तक गेलं तरी ओळ राहते आणि शेऱ्यात लाल शाईने ‘निर्लेखित’, म्हणजे संग्रहातून काढलेलं, असं येतं. त्या वहीत लाल शाई फार थोडी होती.

असं का, ते नियमांत दिसलं. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७चा, अनुदानाचे नियम १९७०चे. अनुदान वर्गावर ठरतं: ‘ब’ वर्गाला ५,००१ ग्रंथ लागतात, ‘अ’ वर्गाला १५,००१. सभासद आणि नियतकालिकांच्याही अटी आहेत, पण कपाटात मोजता येतात ती पुस्तकंच. मग १९८५ची करमार्गदर्शिका का काढावी? ती निघाली की आकडा एकाने खाली येतो. याच आकड्यापायी कुणी पाचवं ‘मृत्युंजय’ आणून दिलं तरी नाही म्हणवत नाही. ‘मृत्युंजय’, ‘ययाति’, ‘श्यामची आई’ प्रत्येक घरच्या खोक्यात असतातच, आमच्याही होती. घरून आलेल्या पुस्तकाचे पैसे पडत नाहीत. पण नोंद, वर्गांक, खिसा, तारीखपट्टी, शिक्का हे सगळं करायला एकच माणूस असतो, आणि त्या माणसाचा वेळ कुठल्याही अटीत मोजलेला नाही.

आकडा घटण्याची ही एक भीती, दुसरी मोजणीची. पुस्तक हरवलं की ग्रंथपालाच्या पगारातून किंमत कापायची, ही पद्धत बऱ्याच ठिकाणी होती. कपाटांना कुलपं लागली ती त्यामुळे. ग्रंथालयशास्त्राच्या १९३१च्या पाच सूत्रांत रंगनाथनांनी पहिलंच सूत्र मांडलं की ग्रंथ वापरासाठी असतात, ते याच मनोवृत्तीविरुद्ध.

आणि मग मला केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांतला (२०१७) नियम २१५ सापडला. इतका माणुसकीचा सरकारी मजकूर मी क्वचित वाचला आहे. वर्षभरात दिल्या-वाचल्या गेलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गहाळ होणं हे वाजवी समजावं, मात्र त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसावा. हजार रुपयांवरचं पुस्तक आणि कोणत्याही किमतीचं दुर्मीळ पुस्तक गेलं तर चौकशी व्हायलाच हवी. २०,००० ग्रंथांपर्यंत दरवर्षी पूर्ण मोजणी, ५०,०००पर्यंत तीन वर्षांतून एकदा, त्यापुढे नमुना मोजणी. यात खरी गंमत ‘दिल्या-वाचल्या’ या शब्दांची आहे. सूट कपाटातल्या साठ्यावर ठरत नाही, देवघेवीवर ठरते. वर्षाला बारा हजार पुस्तकं फिरवणाऱ्याला साठ माफ, कुलूप लावून बसणाऱ्याला एकही नाही. हा नियम केंद्राच्या कार्यालयांसाठी आहे. गावोगावच्या अनुदानित वाचनालयांनाही हेच माप लावायला हवं. वर्गही देवघेवीवरच ठरावा.

भेट कशी घ्यावी याचा जुना धडा मराठी दरबारातला आहे. बडोद्याच्या सयाजीरावांनी राजवाड्यातला सुमारे २०,००० ग्रंथांचा खासगी संग्रह मध्यवर्ती ग्रंथालयाला दिला. पण नुसती पुस्तकं देऊन ते थांबले नाहीत, १९१०मध्ये विल्यम बोर्डन हा अमेरिकन ग्रंथपाल नेमला. वर्गीकरण, सूची, ग्रंथपालांचं शिक्षण, सगळं त्याने उभं केलं. तो १९१३मध्ये परतल्यावर ज. स. कुडाळकरांनी काम पुढे नेलं. त्यांचं ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठीत निघे. आज कुडाळकरांचं नाव ग्रंथालयशास्त्राच्या वर्गाबाहेर कुणी घेत नाही, याचं मला वाईट वाटतं. गावच्या वाचनालयाला तिथे आयतं काही मिळत नसे. गावाने वर्गणी जमवायची, तितकेच पैसे पंचायतीने घालायचे, तितकेच दरबाराने. जिथे वाचनालयच नाही तिथे पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरत.

घरी येऊन मी यादी केली. ४१२ पुस्तकं, आठ दिवस. बाईंनी त्यातली ६३ घेतली: वैदर्भीय लेखकांची, लोकगीतांची आणि वडिलांनी जपलेले जुने दिवाळी अंक. बाकीची मी परत नेली. घेतलेल्यांबद्दल त्यांनी लिहून घेतलं की पुढे ती निर्लेखित झाली तरी माझी हरकत नाही. मी सही केली. मग त्यांनी वडिलांची वऱ्हाडी म्हणींची प्रत ओढली, गुप्त पान उघडलं, शिक्का मारला आणि शाई वाळेपर्यंत पुस्तक तसंच उघडं ठेवलं. नोंदवहीत पुढचा क्रमांक पडला. ‘कुठून’खाली भेट, वडिलांचं नाव. शेऱ्याचा रकाना कोरा.