बर्फावरची शिकार आणि ब्रुसेल्समधला निवाडा

२००९ सालच्या मे महिन्यात कॅनडाच्या गव्हर्नर जनरल मिकाएल जाँ देशाच्या उत्तरेकडच्या रँकिन इनलेट या गावी गेल्या होत्या. गावकऱ्यांनी सार्वजनिक मेजवानीत नुकतीच मारलेली सीलं मांडली होती. जाँबाईंनी इनुइट बायकांची अर्धचंद्राकृती सुरी, उलू, हातात घेतली, सील कापायला मदत केली आणि त्याच्या हृदयाचा एक तुकडा तिथेच कच्चा खाल्ला. ते छायाचित्र जगभर छापलं गेलं. प्राणिहक्कवाल्यांनी संताप व्यक्त केला. इनुइट गावांमध्ये मात्र आपल्या बाजूनं कुणीतरी उभं राहिलं, अशी भावना होती. या प्रसंगाच्या तीनच आठवडे आधी, ५ मे रोजी, युरोपीय संसदेनं ५५० विरुद्ध ४९ मतांनी सीलच्या कातड्यासह सर्व सीलजन्य वस्तूंच्या व्यापारावर बंदी घातली होती.

एका बाजूला पंधरा-वीस अक्षांश दूर बसलेली, पोटभर जेवलेली शहरं आणि दुसऱ्या बाजूला जिथे गहू, भात, भाजी काहीच उगवत नाही अशा किनाऱ्यावरची माणसं. प्राण्याचा जीव घेणं नैतिक की अनैतिक, हे ठरवण्याचा अधिकार यांपैकी पहिल्यांनी स्वतःकडे घेतला. त्या निर्णयाचा हिशेब चुकता करायचं काम गेली चाळीस वर्षं दुसऱ्यांकडे आहे.

आपल्या शालेय पुस्तकांत ज्यांची ओळख 'एस्किमो' म्हणून करून दिली जायची, त्यांतले बहुसंख्य लोक म्हणजे इनुइट. अलास्का, उत्तर कॅनडा आणि ग्रीनलंड एवढ्या पसरलेल्या पट्ट्यात ते राहतात. कॅनडात १ एप्रिल १९९९ रोजी नुनावुत हा त्यांचा स्वतंत्र प्रदेश झाला. क्षेत्रफळ वीस लाख चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे महाराष्ट्राच्या सहापटीहून अधिक; लोकसंख्या २०२१च्या जनगणनेनुसार ३७ हजारांच्याही आत. गावांना एकमेकांशी जोडणारे रस्ते नाहीत. दुकानातलं सामान विमानानं किंवा उन्हाळ्यातल्या जहाजानं येतं आणि त्याच्या किमती दक्षिणेतल्या शहरांच्या कितीतरी पट असतात. २००७-०८मध्ये झालेल्या आरोग्य पाहणीत नुनावुतमधल्या सुमारे ७० टक्के इनुइट घरांना पुरेशा अन्नाची खात्री नसल्याचं आढळलं. अशा ठिकाणी सीलचं मांस हे चवीचं प्रकरण राहत नाही. त्यात लोह आहे, यकृतात अ जीवनसत्त्व आहे आणि देवमाशाच्या कातडीत इतकं क जीवनसत्त्व आहे, की लिंबू-संत्र्याचं तोंडही न बघता या लोकांच्या पिढ्यान् पिढ्या स्कर्व्हीपासून वाचल्या.

मांसाबरोबर येतं ते कातडं. इनुइटांचं खरं शास्त्र तिथे दिसतं.

कॅरिबू, म्हणजे उत्तर अमेरिकेतलं रेनडिअर, याच्या अंगावरचा केस आतून पोकळ असतो. त्या पोकळीत हवा अडकते आणि थंडी अडते. शरद ऋतूच्या सुरुवातीला मारलेल्या कॅरिबूची लव अंगरख्यासाठी योग्य लांबीची असते. पुढे हिवाळ्यात ती फार जाड होते आणि कातडं अंथरायला वापरलं जातं. हिवाळ्याचा पोशाख दुहेरी: आतल्या अंगरख्याची लव अंगाकडे, बाहेरच्याची बाहेर. गळ्याशी आणि कमरेशी सैल असल्यामुळे घाम साचण्याआधी वाफ निघून जाते, आणि उणे चाळीस अंशांत घाम म्हणजे मरण. टोपीच्या कडेला वुल्व्हरीन या प्राण्याची फर लावतात, कारण श्वासाचं दव तिच्यावर गोठलं तरी हातानं सहज झटकता येतं. पायातले बूट सीलच्या कातड्याचे. त्यांची शिवण अशी घालतात, की सुई दोन्ही कातड्यांतून एकाच वेळी आरपार जात नाही. मग पाणी आत शिरायला भोकच उरत नाही. दोरा प्राण्याच्या स्नायुबंधाचा असल्यानं तो ओला झाला की फुगतो आणि शिवण आणखी घट्ट होते. बाळंतिणीचा अंगरखा, अमाउती, पाठीवर पिशवीसारखा फुगीर असतो. बाळ त्यात आईच्या अंगाच्या उबेत राहतं.

हे सगळं बायकांचं ज्ञान. कातडं खरवडणं, ताणून वाळवणं, मऊ करणं, अंदाजानं कापणं, एकही टाका वाया न घालवता शिवणं. शिकारी कितीही निष्णात असो, त्याच्या बायकोच्या शिवणीत खोट असेल तर तो बर्फावरून जिवंत परतत नसे. युरोपीय दर्यावर्द्यांना हे उमगायला फार वेळ लागला. १८४५ साली सर जॉन फ्रँकलिन यांची मोहीम १२९ माणसं घेऊन उत्तरेच्या सागरी मार्गाच्या शोधात गेली आणि त्यातला एकही परत आला नाही. रोआल्ड आमुंडसेन मात्र १९०३ ते १९०५ अशी दोन वर्षं आज ग्योआ हेवन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जागी मुक्काम ठोकून राहिला, नेत्सिलिक इनुइटांकडून कातड्याचे कपडे आणि कुत्र्यांच्या घसरगाड्या समजून घेत राहिला. डिसेंबर १९११मध्ये तो दक्षिण ध्रुवावर पोहोचला, तेव्हा ती शिकवणी त्याच्या कामी आली होती. त्याच्या विजयाच्या कथेत त्या शिवणाऱ्या बायकांचं नाव कुणी घेत नाही, आणि ते घ्यायला हवं.

शिकारीची रीतही तितकीच संयमाची. वलयांकित सील हिवाळाभर समुद्रावरच्या बर्फात पुढच्या पायांच्या नखांनी श्वासाची भोकं उघडी राखतं. एकेका सीलची अशी अनेक भोकं असतात. वरून बर्फाचा थर, आत बोटभर झरोका. शिकारी तिथे पाय न हलवता उभा राहतो, कधी तासन् तास, कारण पावलाचा आवाज पाण्यात पोहोचतो. मारलेल्या सीलच्या तोंडात गोडं पाणी घालायची चाल होती: समुद्रातल्या जिवाला तहान लागलेली असते, त्याला पाजलं तर त्याचा आत्मा पुन्हा शरीर घेऊन याच शिकाऱ्याकडे येईल, ही श्रद्धा. समुद्रतळाशी राहणारी सेदना ही देवी सगळ्या जलचरांची मालकीण; तिच्याच तुटलेल्या बोटांपासून सील आणि वॉलरस झाले. माणसांनी नियम मोडले की ती प्राणी अडवून धरते. मांस कुणी कुणाला द्यायचं याचेही नियम ठरलेले. नेत्सिलिकांमध्ये सीलच्या प्रत्येक भागासाठी ठरलेले वाटेकरी असत आणि ती भागीदारी आयुष्यभराची असे. आजही गावात सील आलं की ते शेजारीपाजारी, म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या घरी जातं. पैसे घेऊन मांस विकण्यापेक्षा वाटणं, हीच तिथली समाजाची मुख्य शिवण आहे.

मग युरोपचा राग कशावर होता? न्यूफाउंडलंड आणि सेंट लॉरेन्सच्या आखातात होणाऱ्या व्यापारी शिकारीवर. तिथे हार्प सीलची नवजात पिल्लं जन्मानंतरचे जेमतेम दोन आठवडे पांढरीशुभ्र असतात, आणि त्याच काळात त्यांना बर्फावर दांडक्यांनी मारत. ही दृश्यं भयंकर होती. १९७६पासून ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेनं मोहीम उघडली. १९७७मध्ये फ्रेंच अभिनेत्री ब्रिजित बार्दो बर्फावर येऊन गेली. १९८३ साली युरोपीय आर्थिक समुदायानं पांढऱ्या पिल्लांची आणि हूडेड सीलच्या पिल्लांची कातडी आयात करायला मनाई केली. १९८७मध्ये कॅनडानं स्वतःच पांढऱ्या पिल्लांची व्यापारी शिकार बंद केली. त्या क्रौर्याला आळा बसला ते बरंच झालं.

पण इनुइट मुख्यतः वलयांकित सील मारतात, तीही मोठी, आणि आधी खाण्यासाठी. १९८३च्या आदेशात त्यांच्या पारंपरिक शिकारीला सवलत होतीच. कागदावर. बाजारात गिऱ्हाइकाला हार्प सीलचं पिल्लू आणि उत्तरेतल्या गावचं वलयांकित सील यांतला फरक कळत नव्हता, आणि कळून घ्यायची कुणाला गरजही वाटली नाही. सीलचं कातडं म्हणजे पाप, एवढाच ठसा उरला. भाव कोसळले. नुनावुत तेव्हा ज्याचा भाग होतं, त्या वायव्य प्रदेशाच्या सरकारच्या अंदाजानुसार वीसपैकी अठरा इनुइट गावांनी आपलं जवळजवळ ६० टक्के उत्पन्न गमावलं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. १९६०च्या दशकापर्यंत कॅनडा सरकारनं इनुइटांना फिरस्ती वस्त्यांमधून कायमच्या गावांत आणून बसवलं होतं. शिकारीचं क्षेत्र लांब गेलं, कुत्र्यांच्या गाड्यांची जागा स्नोमोबाइलनं घेतली. स्नोमोबाइलला पेट्रोल लागतं, बंदुकीला काडतुसं लागतात. मांस विकायचं नाही हा रिवाज, तेव्हा हा खर्च निघायचा तो कातड्याच्या पैशातून. म्हणजे घरी मांस खायचं, कातडं विकायचं आणि त्या पैशातून पुढच्या शिकारीला जायचं. 'खाण्यापुरती मारा, पण विकू नका' असं सांगणाऱ्यांनी या साखळीतली मधलीच कडी काढून घेतली. मानववंशशास्त्रज्ञ जॉर्ज वेन्झेल यांनी क्लाइड रिव्हर गावात वर्षानुवर्षं राहून हेच मांडलं. परंपरा जिवंत राहावी असं म्हणायचं आणि तिला आजच्या जगात पैसे कमवायला मात्र बंदी करायची, हा अन्याय आहे. परंपरा म्हणजे संग्रहालयातली वस्तू, असं मानल्याशिवाय तो करता येत नाही.

टिकाऊपणाचा प्रश्न वेगळा, आणि तो विचारायलाच हवा. त्याचं सर्वांत बोलकं उत्तर अलास्कात मिळतं. १९७७मध्ये आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगानं तिथल्या इनुपियात लोकांना बोहेड देवमाशाची शिकार थांबवायला सांगितलं, कारण शास्त्रज्ञांच्या हिशेबानं हे मासे दोन हजारांहून कमी उरले होते. शिकारी म्हणाले, तुम्ही चुकीचं मोजताय. देवमासे बर्फाखालूनही जातात, डोक्यानं बर्फ फोडून श्वास घेतात, आणि तुम्ही फक्त मोकळ्या पाण्यात दिसणारे मोजता. बॅरो गावचे अनुभवी शिकारी हॅरी ब्राउअर यांचं म्हणणं टॉम अल्बर्ट या शास्त्रज्ञानं गांभीर्यानं घेतलं. पाण्याखाली ध्वनिग्राहक सोडून मोजणी झाली आणि बर्फाखालचे मासे ऐकू आले. शिकाऱ्यांनी १९७७मध्येच स्वतःचा आयोग स्थापन केला होता, कोटा पाळला. २०११च्या गणनेत बोहेड जवळपास १७ हजार भरले. शिकार चालू असतानाच संख्या वाढली. या माशांना संपवत आणलं होतं ते एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी व्यापारी जहाजांनी.

उलट बाजूही आहे. बॅफिन बेटावरचे कॅरिबू इतके घटले, की २०१४च्या पाहणीत सुमारे पाच हजारच उरल्याचं दिसलं. जानेवारी २०१५मध्ये नुनावुत सरकारनं शिकार पूर्ण थांबवली, नंतर फक्त २५० नरांची मुभा दिली. लोकांनी ते सोसलं. आग्नेय ग्रीनलंडमध्ये मात्र नारव्हाल या देवमाशाची शिकार पूर्ण थांबवा, असं शास्त्रज्ञ सांगत असताना ती चालू राहिली आहे, आणि तिथे शास्त्रज्ञांचं ऐकायला हवं. 'पारंपरिक' हा शिक्का लावला म्हणून कुठलीही शिकार आपोआप टिकाऊ होत नाही. प्रत्येक कळपाचा वेगळा हिशेब करावा लागतो. वलयांकित सीलच्या बाबतीत तो हिशेब स्पष्ट आहे: आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत हा प्राणी 'किमान चिंता' गटात आहे. त्याला खरा धोका आहे तो तापणाऱ्या आर्क्टिकमध्ये पातळ होणाऱ्या बर्फाचा, आणि तो बर्फ वितळवणारा धूर इनुइट गावांतून निघत नाही.

तुलना करायची तर ती सर्व प्रकारच्या फरशी करावी. डेन्मार्कमध्ये नोव्हेंबर २०२०मध्ये करोनाच्या भीतीनं दीड कोटींहून अधिक मिंक मारले. ते पिंजऱ्यांतल्या फार्मवर केवळ फरसाठी वाढवलेले होते. नकली फर बहुधा ॲक्रिलिक किंवा पॉलिएस्टरची, म्हणजे खनिज तेलापासूनची. तिचे सूक्ष्म तंतू धुण्यातून समुद्रात जातात. मोकळ्या समुद्रात जगलेलं, मांसासाठी मारलेलं आणि हातानं शिवलेलं सीलचं कातडं या दोन्हींहून नक्कीच कमी पापाचं आहे.

भारतातही १९७२मध्ये, अमेरिकेनं सागरी सस्तन प्राण्यांचा कायदा केला त्याच वर्षी, वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्याच्या पासष्टाव्या कलमानं निकोबार बेटांतल्या अनुसूचित जमातींचे शिकारीचे हक्क राखले. मुख्य भूमीवर तशी मुभा कुणालाच नाही. २००६च्या वनहक्क कायद्यातूनही शिकारीचा पारंपरिक हक्क मुद्दाम वगळलेला आहे. आपल्याकडे वाघ-हरणांची अवस्था पाहता तो निर्णय समजण्यासारखा आहे. पण त्याची किंमत विदर्भ-मराठवाड्यातल्या फासेपारध्यांनी मोजली. तित्तर-लाव्यांचे माग, रानाची नस जाणणारे हे लोक १८७१पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी आधी जन्मजात गुन्हेगार ठरले आणि १९७२मध्ये त्यांचा धंदाच गुन्हा झाला. कायदा करताना त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. इनुइटांनाही नाही.

मात्र इनुइटांनी आवाज सोडला नाही. २०१४मध्ये एका अमेरिकी दूरचित्रवाणी निवेदिकेनं सीलशिकारविरोधी संस्थेला देणगी मिळवून दिली, तेव्हा उत्तरेतल्या तरुणांनी सीलच्या कातड्याचे कपडे घालून स्वतःचे फोटो समाजमाध्यमांवर टाकले आणि त्याला नाव दिलं 'सीलफी'. २०१६मध्ये अलेथिया अर्नाकुक-बारिल यांचा 'अँग्री इनुक' हा माहितीपट आला. त्याच २०१४ साली ग्रीनपीस कॅनडानं जुन्या मोहिमेमुळे झालेल्या नुकसानीबद्दल इनुइटांची जाहीर माफी मागितली. पुढे क्लाइड रिव्हर गावानं समुद्रात तेलाच्या शोधासाठी होणाऱ्या ध्वनिस्फोटांविरुद्ध खटला लढवला, तेव्हा हीच संस्था त्यांच्या पाठीशी उभी राहिली; जुलै २०१७मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं गावाच्या बाजूनं निकाल दिला.

युरोपची बंदी अजून आहे. कॅनडा आणि नॉर्वेनं जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली. २०१४च्या निकालात नीतिमत्तेच्या आधारावर बंदी ग्राह्य ठरली, पण बंदीत इनुइटांसाठी ठेवलेल्या सवलतीची अंमलबजावणी ग्रीनलंडला झुकतं माप देते, हा दोष मान्य झाला. २०१५मध्ये नियम सुधारले आणि नुनावुत सरकारला प्रमाणपत्रं द्यायचा अधिकार मिळाला. अमेरिकेचा बाजार सागरी सस्तन प्राण्यांच्या कायद्यामुळे कॅनडाच्या इनुइटांना १९७२पासूनच बंद आहे. ग्रीनलंडमध्ये काकोर्तोक इथला कातडी कमावण्याचा कारखाना सरकारी आधारावर तग धरून आहे. नुनावुतमध्ये इकालुइत इथल्या व्हिक्टोरिया काकुक्तिन्निकसारख्या डिझायनर सीलच्या कातड्याचे आधुनिक कोट शिवतात आणि त्यांचं बहुतेक गिऱ्हाईक कॅनडातलंच आहे. २०२४मध्ये युरोपीय आयोगानं या कायद्याचा फेरआढावा सुरू केला. सवलतीचा कागद यापूर्वी दोनदा मिळाला. आता गरज आहे ती गिऱ्हाइकाला ही सवलत आहे हे सांगण्याची, कातड्यावर ते कुठल्या गावातून आणि कुठल्या प्राण्याचं आहे हे छापण्याची, आणि नियम लिहिताना नुनावुतच्या शिकारी संघटनांना टेबलाशी जागा देण्याची.